शिल्लक किती आठवडे पुरेल?

एकट्याने दूरच्या, अनोळखी मुलखात बिऱ्हाड हलवायचे ठरवले की सगळे जण पहिला प्रश्न एकच विचारतात : गाठीला किती पैसे असले म्हणजे निघावे? मी स्वतः बेताच्या शिलकीवर असे स्थलांतर केले आहे आणि त्यानंतर अशाच विचारात असलेल्या अनेक तरुण-तरुणींशी, क्वचित पन्नाशी ओलांडलेल्यांशीही, याबद्दल सविस्तर बोलले आहे. या प्रश्नाचे उत्तर रकमेत देता येत नाही, असे माझे ठाम मत झाले आहे. शिल्लक आठवड्यांत मोजावी. नव्या जागी पोचल्यावर उत्पन्नाचा एक पैसाही हाती न येता आपण किती आठवडे तग धरू शकतो, हा खरा आकडा होय. आणि निघण्यापूर्वीची व पोचल्यानंतरची जवळजवळ प्रत्येक निवड याच आकड्यावर पारखून घेता येते.

हा आकडा काढण्याची रीत सोपी आहे, पण तो काढताना मनाला सवलत देऊ नये. एकूण शिलकीतून सर्वांत आधी परतीच्या प्रवासाचा आणि परतल्यावरच्या पहिल्या काही दिवसांचा खर्च बाजूला काढावा. मग एकदाच होणारे खर्च मांडावेत : जाण्याचे भाडे, जागेची अनामत, आगाऊ भाडे, मध्यस्थाची दलाली, अंथरूण-पांघरूण, दोन-चार भांडी, तिथल्या हवेला पुरे पडतील असे कपडे, कागदपत्रांची शुल्के. जे उरेल त्याला आठवड्याच्या खर्चाने भागावे. समजा, शिलकीचे शंभर भाग कल्पिले आणि आठवड्याचा खर्च चार भाग धरला, तर वरवर पाहता पंचवीस आठवड्यांची बेगमी झाली असे वाटते. पण परतीसाठी पंधरा भाग, प्रवास व सामानासाठी पंधरा भाग आणि जागा मिळवण्यासाठी तीस भाग वजा केले, तर हाती चाळीसच उरतात, म्हणजे दहा आठवडे. अनामत पुढे परत मिळणार असली तरी ती घरमालकाकडे अडकलेली असते. ज्या दिवशी हात रिकामा होतो त्या दिवशी तिचा काही उपयोग नसतो, म्हणून ती हिशेबात खर्चाच्याच बाजूला लिहावी.

आता या दहा आठवड्यांपुढे पगाराचे गणित ठेवून पाहावे. काम शोधायला, मुलाखती द्यायला आणि होकार येईपर्यंत चार-पाच आठवडे सहज जातात. रुजू होण्याची तारीख एखादा आठवडा पुढची असते. पगार काम केल्यानंतर मिळतो, आणि जिथे तो महिन्याने मिळतो तिथे त्यात आणखी चार आठवड्यांची भर पडते. नव्या माणसाचे नाव पगारपत्रकात चढायला उशीर झाला तर पहिला पगार पुढच्या महिन्यावर जातो. म्हणजे सगळे व्यवस्थित जमून आले तरी दहा आठवडे जेमतेम पुरतात. ज्यांना निघण्यापूर्वीच नोकरीचे पत्र मिळालेले असते त्यांचे पहिले पाच आठवडे वाचतात, आणि एवढ्याच कारणासाठी ते पत्र येईपर्यंत थांबणे शहाणपणाचे ठरते. जिथे थांबणे शक्यच नसते, तिथे निदान आपल्या कामाचे मालक एकाहून अधिक असतील अशी जागा निवडावी. ब्रिटनमधील जनगणनेच्या नोंदी तपासून रेव्हनस्टाइन या भूगोलतज्ज्ञाने १८८५ साली स्थलांतराचे जे नियम मांडले, त्यांत बहुतेक माणसे जवळच्या अंतरावरच हलतात आणि लांबचा पल्ला गाठणारी सहसा व्यापार-उद्योगाच्या मोठ्या केंद्राकडे जातात, असे त्याचे निरीक्षण होते. त्यामागची व्यावहारिक बाजू आजही तीच आहे. मोठ्या केंद्रात जागा महाग पडते हे खरे. पण एका ठिकाणी नकार मिळाला तर दुसरे दार ठोठावता येते, आणि ज्याच्याकडे मोजकेच आठवडे आहेत त्याच्या दृष्टीने हे स्वस्त भाड्यापेक्षा मोलाचे असते.

सर्वांत जास्त आठवडे राखता किंवा घालवता येतात ते जागेच्या बाबतीत, म्हणून तिथे थोडे थांबते. दूर बसून, छायाचित्रे पाहून वर्षभराचा भाडेकरार करू नये. जागा डोळ्यांनी पाहण्यापूर्वी अनामत मागणारा माणूस कितीही गोड बोलत असला तरी त्याला पैसे पाठवू नयेत; परगावच्या एकट्या माणसाला फसवण्याचा हा जुना आणि सर्रास चालणारा मार्ग आहे. पहिले दोन-तीन आठवडे आठवड्याच्या भाड्याने मिळणारी, सामायिक स्वयंपाकघर असलेली एखादी साधी खोली किंवा वसतिगृहातील खाट घ्यावी. तिचे रोजचे भाडे कायमच्या जागेपेक्षा जास्त असते, आणि बरोबर इथेच अनेकांचा जीव खालीवर होतो; परंतु चुकीच्या वस्तीत अडकलेली अनामत आणि मोडलेल्या कराराचा दंड यांच्या तुलनेत ही रक्कम किरकोळ ठरते. त्या दोन-तीन आठवड्यांत गावाची नस सापडते. कोणती वाहने किती वाजेपर्यंत चालतात, कोणता रस्ता अंधार पडल्यावर ओस पडतो, कामाच्या जागा नेमक्या कुठे आहेत, हे नकाशावरून कळत नाही. गावाच्या टोकाला भाडे कमी असते, पण रोजच्या जाण्या-येण्याचा खर्च आणि त्यात जाणारे तास मिळवले की तो फायदा बऱ्याचदा उरत नाही. शिवाय अचानक बोलावणे आलेली मुलाखत लांब राहणाऱ्याच्या हातून निसटते.

खोली पाहायला जाताना मी एक ठराविक क्रम पाळत असे आणि तो इतरांनाही सांगते. एकदा दिवसाउजेडी जावे आणि एकदा रात्री. कपाट भिंतीला टेकवून ठेवले असेल तर ते जरा पुढे ओढून मागच्या भिंतीला तळहात लावून पाहावा. नवा रंग डोळ्यांना फसवतो, पण ओल हाताला लागते, आणि कोपऱ्यात खाली वाकून श्वास घेतला की कुबट वास लपत नाही. नळ पूर्ण सोडून धार पाहावी आणि दुसरा नळ त्याच वेळी सोडून ती किती मंदावते हेही पाहावे. दाराची कडी आतून लावावी, बाहेरून ढकलून पाहावी. कुलूप बदलण्याची परवानगी आहे का, हे आधीच विचारावे. एकट्या राहणाऱ्या स्त्रीने तर हा प्रश्न संकोच न करता विचारावा आणि मालकाने त्यावर कपाळाला आठ्या घातल्या तर ती जागा सोडून द्यावी. वरच्या किंवा शेजारच्या खोलीतील भाडेकरूला, मालक जवळ नसताना, फक्त एवढेच विचारावे की आधीच्या माणसाची अनामत परत मिळाली का. या एका प्रश्नाच्या उत्तरातून जितके कळते तितके करारनाम्याच्या चार पानांतून कळत नाही. जागा ताब्यात घेताना प्रत्येक भिंतीचे, फरशीचे आणि मीटरच्या आकड्यांचे छायाचित्र काढून त्याच दिवशी मालकाला पाठवून ठेवावे, म्हणजे निघताना वादाला जागा राहत नाही.

कागदपत्रांचा गुंता वेगळाच असतो. बँकेत खाते उघडायला पत्त्याचा पुरावा लागतो, जागा भाड्याने घ्यायला उत्पन्नाचा पुरावा लागतो आणि पगार जमा व्हायला खाते लागते. या चक्रात कुठून शिरावे हेच नवख्याला समजत नाही. बहुतेक ठिकाणी हा गुंता नोकरी देणाऱ्याच्या पत्राने किंवा रीतसर भाडेकराराने सुटतो, म्हणून या दोनपैकी जे आधी हाती येईल त्याची छापील, सही-शिक्क्याची प्रत मागून घ्यावी. मूळ कागद सामानात न टाकता अंगावरच्या पिशवीत ठेवावेत, प्रतींचा एक संच घरी विश्वासू माणसाकडे द्यावा आणि दुसरी लिपी चालणाऱ्या प्रदेशात जायचे असेल तर अधिकृत भाषांतरे निघण्यापूर्वीच करून घ्यावीत, कारण घाईच्या वेळी ती करायला जास्त पैसे मोजावे लागतात. जुना फोन क्रमांक बंद होऊ देऊ नये. बँकेचा सांकेतिक क्रमांक त्याच फोनवर येतो. तो क्रमांक गेला की स्वतःच्याच पैशांपुढे दार बंद होते आणि शाखा शेकडो कोस दूर असते.

औषधांबाबत एक गोष्ट फार थोड्यांना सुचते. नियमित औषध घेणाऱ्याने डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण बाजारातील नावे प्रदेशागणिक बदलतात. जागतिक आरोग्य संघटना १९५३ पासून अशा आंतरराष्ट्रीय मूळ नावांच्या याद्या प्रसिद्ध करत आली आहे आणि जगभरातील औषधविक्रेते त्या नावांवरून औषध ओळखू शकतात. त्यातही क्वचित अपवाद असतो : ज्याला बहुतेक जग पॅरासिटामॉल म्हणते त्याला अमेरिकेत अॅसिटामिनोफेन म्हणतात. दातांची तपासणी, चष्म्याचा नंबर, राहिलेली लस ही कामे ओळखीच्या डॉक्टरांकडे उरकूनच निघावे. नव्या जागी अचानक उद्भवलेली दाढदुखी कित्येक आठवड्यांची शिल्लक एका दुपारी गिळते.

एवढे सगळे नीट केले तरी साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एक कठीण टप्पा येतो, आणि त्याबद्दल कोणी आधी सांगत नाही म्हणून मी आवर्जून लिहीत आहे. कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० साली प्रसिद्ध झालेल्या लेखात परमुलखात गेलेल्या माणसाच्या मनःस्थितीचे टप्पे वर्णन केले आहेत. सुरुवातीला सगळे नवे आणि मोहक वाटते. मग चिडचिड, आपण फसवले जात आहोत अशी सततची धास्ती, पिण्याच्या पाण्याबद्दलही अवाजवी काळजी आणि घराची जीवघेणी ओढ सुरू होते. त्यानंतर हळूहळू घडी बसते. हा उताराचा काळ आणि शिलकीचा तळ बहुधा एकाच वेळी येतात. अनामत गेलेली असते, पगार सुरू झालेला नसतो किंवा नुकताच झालेला असतो, नवलाई संपलेली असते आणि ओळखी अजून जुळलेल्या नसतात. त्या दिवसांत ‘मला इथे जमणार नाही’ हा विचार येतो तेव्हा तो आपल्या कर्तृत्वाबद्दलचा निष्कर्ष वाटतो. प्रत्यक्षात तो बराचसा वेळापत्रकाचा परिणाम असतो. हे मला आधी माहीत होते म्हणून त्या दिवसांत मी स्वतःला थोडे सांभाळून घेऊ शकले. दुःख कमी झाले नाही, पण त्याचा अर्थ मी चुकीचा लावला नाही.

पैशांची ओढाताण विचारशक्तीवरही ताण आणते, याला आधार आहे. २०१३ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तमिळनाडूतील ऊस उत्पादक शेतकऱ्यांच्या आकलनाच्या चाचण्या पीक निघण्यापूर्वी, म्हणजे हात आखडलेला असताना, आणि पीक निघाल्यावर घेतल्या गेल्या. तीच माणसे पैसा हाती आल्यावर त्या चाचण्या अधिक चांगल्या सोडवत होती. बेताच्या शिलकीवर जाणाऱ्यासाठी यातून एक उपयुक्त गोष्ट निघते. महत्त्वाचे निर्णय घेण्याची सर्वांत चांगली वेळ निघण्यापूर्वीची असते, डोके शांत आणि शिल्लक अखंड असतानाची. म्हणून मी एका लहान वहीच्या पहिल्याच पानावर तीन रेषा ओढून ठेवल्या होत्या. पहिल्या रेषेपर्यंत शिल्लक उतरली की मनासारख्या कामाची वाट न पाहता मिळेल ते प्रामाणिक काम धरायचे. दुसऱ्या रेषेला खोली सोडून खाट घ्यायची. तिसऱ्या रेषेला परतीचे तिकीट काढायचे. प्रत्येक रविवारी संध्याकाळी त्या आठवड्याचा खर्च आणि उरलेले आठवडे त्याखाली लिहायचे. रेषा आधीच ओढलेल्या असल्या की रोज रात्री तोच वाद स्वतःशी घालावा लागत नाही, आणि त्या वाचलेल्या शक्तीची गरज दुसऱ्या दिवशीच्या अर्जांना असते.

मिळेल ते काम धरण्याबद्दल माझे मत थोडे सविस्तर सांगते. असे काम कमी प्रतीचे मानून टाळू नये, पण त्याच्या वेळा पाहाव्यात. सकाळचे दोन-तीन तास आपल्या खऱ्या व्यवसायाच्या शोधासाठी मोकळे राहतील असे काम थोड्या कमी मोबदल्यातही पत्करावे. दिवसभर राबवून घेणारे आणि रात्री अंग टेकताच झोप यावी असे काम शिलकीचे आठवडे वाढवते खरे, पण ज्यासाठी एवढ्या दूर आलो त्याचा शोध थांबवते.

आणि शोध प्रामुख्याने माणसांतून लागतो. मार्क ग्रॅनोव्हेटर या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात बोस्टनच्या एका उपनगरातील नोकरी बदललेल्या व्यावसायिकांची पाहणी दिली आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी ५५.६ टक्के लोकांची ती ओळख अधूनमधून भेटणाऱ्या माणसाची होती, २७.८ टक्के लोकांची क्वचितच भेटणाऱ्याची आणि केवळ १६.७ टक्के लोकांची नेहमी भेटणाऱ्याची. जिवलगांना जे माहीत असते ते बहुधा आपल्यालाही माहीत असते. नवी बातमी तुटक ओळखीच्या माणसाकडून येते. एकटे गेलेल्याला ही मोठ्या दिलाशाची गोष्ट वाटावी, कारण नव्या गावात जिवलग मिळायला वर्षे लागतात, पण तुटक ओळखी पंधरवड्यात करता येतात. ग्रंथालयात रोज त्याच वेळी जावे, तिथली भाषा शिकवणाऱ्या एखाद्या सायंवर्गात नाव घालावे, आपल्या व्यवसायाच्या सभांना हजर राहावे, एखाद्या स्वयंसेवी कामात आठवड्यातून एक दिवस हातभार लावावा. यांत खर्च जवळजवळ नसतो. आपल्याच भाषेच्या माणसांचा शोध जरूर घ्यावा, अडीअडचणीला तीच माणसे आधी धावून येतात. परंतु सगळा वेळ त्यांच्यातच घालवला तर गावाशी ओळख होत नाही आणि कामही त्याच लहानशा वर्तुळात शोधावे लागते.

एकटेपणाचा आणखी एक खर्च असतो, तो वहीत मांडता येत नाही. भाडे वाटून घ्यायला कोणी नसते, एवढेच नाही. आपण घेतलेला निर्णय ऐकून ‘जरा थांब’ म्हणणारेही कोणी जवळ नसते. ताप चढला तर दार उघडणारे कोणी नसते. म्हणून घरी किंवा मित्रमैत्रिणींत अशी एक व्यक्ती ठरवून ठेवावी जिला आपला नेमका पत्ता, घरमालकाचा क्रमांक आणि शिलकीचा खरा आकडा माहीत असेल. घरच्या बाकीच्यांना ‘सगळे ठीक आहे’ असे सांगण्यामागची माया मी समजू शकते, पण एका तरी माणसापाशी खरे बोललेच पाहिजे. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी तिच्याशी बोलावे, आणि बोलणे झाले नाही तर तिने काय करावे हेही दोघींनी आधी ठरवून ठेवावे. माझ्यासाठी हे काम माझ्या थोरल्या मावसबहिणीने केले. ती सल्ला क्वचितच देत असे, पण वहीतील आकडा मात्र न चुकता विचारत असे, आणि तो तिला सांगायचा आहे या जाणिवेनेच माझे कित्येक वायफळ खर्च टळले.

परतीच्या पैशांबद्दल बरेच जण माझ्याशी वाद घालतात. परतीची सोय करून जाणे म्हणजे मन अर्धवट ठेवून जाणे, असे त्यांचे म्हणणे असते. मला ते मुळीच पटत नाही. ज्याच्याकडे परतीचे भाडे नसते त्याला वाईट मालकाचे काम सोडता येत नाही, धोकादायक खोली सोडता येत नाही आणि मजुरी बुडवणाऱ्याला नाही म्हणता येत नाही. त्याची अगतिकता समोरच्याला पहिल्या भेटीत कळते. परतीची रक्कम वेगळ्या खात्यात सुरक्षित असणारा माणूस वाटाघाटीला ताठ बसू शकतो. परतणे म्हणजे हार, हा समजही सोडून द्यावा. स्थलांतराच्या प्रत्येक मुख्य प्रवाहाबरोबर उलटा प्रवाहही वाहत असतो, हे रेव्हनस्टाइनने त्याच १८८५च्या निबंधात नोंदवले आहे. माणसे जाऊ लागली तेव्हापासून परतूही लागली आहेत, आणि त्यांपैकी कित्येक जण अधिक तयारीने पुन्हा निघतात.

ही रक्कम कधी मोडावी, हा प्रश्न उरतो. पहिला पगार आला की ती मोडण्याचा मोह होतो, विशेषतः खोलीत नीटसा पलंगही नसतो तेव्हा. तसे करू नये. सलग तीन पगार वेळेवर जमा झाल्यानंतर आणि परीक्षाकाळ संपून नोकरी कायम झाल्याचे पत्र हाती आल्यानंतरच तिच्याकडे नव्या नजरेने पाहावे. तेव्हाही ती खर्च न करता तिचे नाव फक्त बदलावे : प्रवासाऐवजी आता ती आजारपणासाठी, नोकरी अचानक गेली तर त्यासाठी. पुढच्या पगारांतून थोडी थोडी भर घालून ती निदान दहा आठवड्यांच्या खर्चाइतकी करावी, आणि पलंग त्यानंतरच्या महिन्यात घ्यावा.